सड्याचा चढ, पाठीवर ओझं: मालवाहू सायकलसाठी कोणता हब-गिअर घ्यावा

कोकण किनाऱ्याचा रस्ता नकाशात समुद्राला चिकटून जातो, पण सायकलवर ओझं चढलं की त्याची खरी तऱ्हा कळते. बंदरातून निघालं की घाटी चढून सड्यावर (जांभ्याच्या पठारावर), सडा संपला की उतरून पुढच्या खाडीला, तिथून पुन्हा चढ. आरे-वारेचा रस्ता घ्या, दापोली-हर्णै घ्या, नाहीतर देवगडच्या आतल्या वाड्या घ्या. मासळीचे क्रेट, पावाची पेटी, नारळाची पोती किंवा आंब्याच्या पेट्या बांधून हा रस्ता एका गिअरच्या काळ्या सायकलवर करायचा, तर चढ आला की उतरून ढकलणं ठरलेलंच.

अशा सायकलला गिअर हवा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो डिरेलर (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा) की हब-गिअर (मागच्या चाकाच्या मधल्या हबमध्येच बंद असलेले गिअर) हा. डिरेलर स्वस्त असतो, तालुक्याच्या गावात दुरुस्त होतो आणि त्याचा सर्वांत हलका गिअर बहुतेक हबांपेक्षा हलका असतो. तरी इथल्या ओझ्याच्या सायकलला माझी पसंती हब-गिअरलाच आहे, आणि त्याचं मुख्य कारण चेन. हब-गिअरची चेन सरळ रेषेत धावते, त्यामुळे तिला पूर्ण बंद चेनकव्हर घालता येतं. जून ते सप्टेंबर पाऊस, जांभ्याचा लाल चिखल आणि वर्षभर खारी हवा यांत उघडी चेन किती लवकर गंजते हे इथे कोणाला सांगायला नको. डिरेलरला असं कव्हर घालता येत नाही. शिवाय भरलेली सायकल एका अंगावर कलंडली की डिरेलरचा हँगर (त्याला फ्रेमशी धरणारी पट्टी) वाकतो, आणि डिरेलरचा गिअर बदलायला पेडल फिरत असावं लागतं. चढाच्या तोंडाशी समोरून एसटी आली आणि थांबावं लागलं, तर भारी गिअरात अडकलेली ऐंशी-नव्वद किलोची सायकल पुन्हा हलवणं कठीण. हब-गिअरात उभ्या उभ्या पहिला टाकून निघता येतं.

आता निवडीकडे. दुकानात आणि जाहिरातीत गिअरची संख्या सांगतात, तीन, पाच, आठ, चौदा. ओझ्याच्या सायकलसाठी त्याआधी पाहायची गोष्ट म्हणजे हबच्या आत किती टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जातो. हबच्या आत बोटाच्या पेराएवढे प्लॅनेट गिअर (मधल्या दात्यांभोवती फिरणारी छोटी दातेरी चाकं) आणि नखाएवढे पॉल (एकाच दिशेने अडकणारे खटके) असतात. सत्तर किलोचा माणूस १७० मि.मी.च्या क्रँकवर (पेडलच्या दांडीवर) उभा राहिला की क्रँकला साधारण ११७ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर हबच्या वाट्याला त्यातला ४८ येतो. पुढे ३८ आणि मागे १९ असतील तर ५८. चढ सोपा व्हावा म्हणून कोणी पुढे ३२ आणि मागे २२ लावले, तर तोच माणूस हबला ८० देतो. गिअर हलका करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि हब फोडण्याचाही हाच आहे. म्हणून कंपन्या पुढच्या-मागच्या दात्यांच्या प्रमाणावर बंधन घालतात. शिमानो आठ गिअरच्या हबला हे प्रमाण साधारण दोनच्या आसपास ठेवायला सांगते. ते पाळायचं.

मग चढ कसा चढायचा? उत्तर चाकात आहे. हिशेब करून पाहा. माणूस ७०, सायकल ३०, माल ९०, एकूण १९० किलो. आठ टक्के चढावर हे वजन वर न्यायला चाकाच्या टोकाशी सुमारे १७० न्यूटन जोर लागतो. २८ इंची काळ्या सायकलचं चाक एका फेऱ्यात जवळजवळ २.२४ मीटर जातं. दोनचं प्रमाण आणि शिमानोच्या आठ गिअरच्या नेक्सस-८ हबचा पहिला गिअर (०.५२७, म्हणजे मागच्या दात्यांच्या एका फेऱ्याला चाक एवढाच फेरा फिरतं) धरला, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.३६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ४० फेरे मारले तरी वेग होतो ताशी ५.७ किलोमीटर आणि त्यासाठी लागतात जवळजवळ २७० वॅट. हे रोजच्या कष्टकऱ्याच्या पायांना झेपणारं नाही. आता तोच हब, तेच दाते, फक्त मागचं चाक २० इंची करा. जाड टायरसकट ते एका फेऱ्यात १.५४ मीटर जातं, पहिल्या गिअरात पेडलच्या फेऱ्याला १.६२ मीटर. ४० फेऱ्यांना वेग ताशी ३.९ किलोमीटर आणि लागणारी ताकद साधारण १८५ वॅट. हेही सोपं नाही, पण धडधाकट माणूस छोटी घाटी चढून जाईल. शिवाय तोच चढ चढायला चाकाला ६० ऐवजी ४२ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे हबवरचा ताणही तेवढ्याच प्रमाणात उतरतो. टर्नची जीएसडी ही मालवाहू सायकल दोन्ही चाकं २० इंची ठेवते ती उगीच नाही. माल खाली बसतो, आरे आखूड आणि मजबूत होतात, हबही जगतो. म्हणून फ्रेम नवी बनवून घेत असाल तर आधी २० इंची मागचं चाक ठरवा, मग हबचं नाव काढा. नुसत्या पुळणीच्या (वाळूच्या सपाट किनाऱ्याच्या) गावातलं काम असेल, वेंगुर्ल्याच्या बाजारात किंवा मालवणात बंदर ते मंडई एवढंच, तर मोठं चाक चालेल.

आता एकेक हब.

शिमानो नेक्सस-३. गिअर ०.७३३, १ आणि १.३६४, एकूण पल्ला (सर्वांत हलक्याच्या तुलनेत सर्वांत जड गिअर) १८६ टक्के. आतली रचना साधी, बिघडायला फारसं काही नाही, ग्रीस भरलेला असतो. सपाट रस्त्यावर ५०-६० किलो माल नेणाऱ्यासाठी यापेक्षा जास्त काही घेण्याची गरज नाही. सड्यावर मात्र हा अपुरा आहे, २० इंची चाकावरही पहिला गिअर २.२६ मीटरच्या खाली जात नाही. याचा पायाच्या ब्रेकचा, म्हणजे पेडल उलटं मारून थांबणारा प्रकारही मिळतो. तो भरल्या सायकलला घेऊ नका. उतारावर चेन उतरली किंवा तुटली तर तो ब्रेक त्याच क्षणी गेला.

स्टर्मे-आर्चर. नॉटिंगहॅमची ही कंपनी १९०२ ची. २००० मध्ये ती तैवानच्या सनरेसकडे गेली आणि हब तिकडे बनू लागले. ओझ्यासाठी यांचा पाच गिअरचा वाइड हब पाहावा, ९० मि.मी. ड्रम ब्रेकचा. गिअर ०.६२५, ०.७५, १, १.३३३, १.६, पल्ला २५६ टक्के. २० इंची चाकावर दोनच्या प्रमाणाने पहिला गिअर १.९३ मीटर होतो, म्हणजे नेक्सस-८ पेक्षा थोडा जड. पण ब्रेक हबमध्येच आहे आणि तो पावसात चालतो, म्हणून ५०-७० किलो मालासाठी हा मला सर्वांत समतोल वाटतो. याच कंपनीच्या आठ गिअरच्या हबबद्दल सावध राहा. त्यात पहिला गिअर थेट १ चा असतो आणि बाकीचे सगळे त्याहून जड, ३.२५ पर्यंत. त्यामुळे पुढचं चेनव्हील लहान लावावं लागतं आणि टॉर्कचं वरचं गणित उलटं फिरतं. ओझ्याला तो नको.

शिमानो नेक्सस-८ आणि अल्फिन-८. दोघांचे गिअर सारखेच, ०.५२७ ते १.६१५, पल्ला ३०७ टक्के. पाचवा गिअर थेट १ चा, त्यात आतले प्लॅनेट गिअर काम करत नाहीत, म्हणून तो सर्वांत मोकळा आणि टिकाऊ चालतो. दाते असे निवडा की तुमचा रोजचा सपाटीचा वेग पाचव्यात बसेल. २० इंची चाक, पुढे ३८, मागे १९ या जोडीत पाचवा ३.०८ मीटरचा होतो, मिनिटाला ६५ फेऱ्यांना बरोबर ताशी १२ किलोमीटर. भरलेल्या सायकलचा हाच वेग. पहिल्या आणि दुसऱ्यात २२ टक्क्यांचं अंतर आहे, पाचव्या-सहाव्यातही तेवढंच. चढावर दुसऱ्यातून पहिल्यात यायला उशीर केला की पाय अडकतो, म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच खाली या. आणि बदलताना पेडलवरचा जोर क्षणभर पूर्ण सोडा. जोरात पेडल दाबून गिअर ओढणं हेच या हबच्या अकाली मरणाचं मोठं कारण आहे. सड्याच्या गावांसाठी, मोटर न लावता, २० इंची चाकावर ९० किलोपर्यंत मालाला माझी शिफारस याच हबची. डिस्क ब्रेक हवा असेल तर अल्फिन घ्या. अल्फिन-११ चा पल्ला ४०९ टक्के आहे आणि तो तेलात चालतो, पण त्याचे अकरा गिअर तेवढ्याच जागेत कोंबलेले आहेत आणि केबलच्या जुळवणीला तो फार नाजूक आहे. फिरायच्या सायकलला छान, क्रेटच्या सायकलला नाही.

एन्व्हिओलो. आधी याचं नाव न्यूव्हिन्ची होतं. यात गिअरचे दाते नाहीतच, गोळ्यांच्या घर्षणावर ०.५ ते १.९ पर्यंत प्रमाण सलग बदलतं. मूठ पिळली की झालं. मालवाहू सायकलसाठी त्यांचा खास मजबूत प्रकार आहे, पल्ला ३८० टक्के. जोर असतानाही बदलतो, चुकीचा गिअर अर्धवट पडण्याचा प्रश्नच नाही, नवख्या माणसाच्या हाती द्यायला उत्तम. पण घर्षणात ताकद जाते आणि ती पायांना जाणवते. मोटर असेल तर एन्व्हिओलो पहिल्या पसंतीचा, नुसत्या पायांवर चालवायची सायकल असेल तर टाळा. आतून तो उघडायचा नसतो. बिघडला तर आख्खा बदलायचा.

रोहलॉफ स्पीडहब. जर्मनीचा, १९९८ पासूनचा. चौदा गिअर, प्रत्येकात १३.६ टक्क्यांचं सारखं अंतर, पल्ला ५२६ टक्के. पहिला गिअर ०.२७९. शंभर किलोवरच्या स्वारासाठी आणि टँडेमसाठी (दोघांनी चालवायच्या सायकलसाठी) कंपनी दात्यांचं प्रमाण किमान २.५ ठेवायला सांगते, मालवाहूलाही तेच धरा. पुढे ४० आणि मागे १६ लावले तर २० इंची चाकावर पहिला १.०७ मीटर येतो आणि २६ इंचीवर १.४३. म्हणजे मोठ्या चाकावरही तो नेक्सस-८ च्या लहान चाकापेक्षा हलका. फारच जोर पडला तर आतले शिअर पिन तुटतात आणि महागडे गिअर वाचतात, हा विचार मला फार आवडतो. तेल २५ मिली, दर ५००० किलोमीटरला किंवा वर्षाला बदलायचं, आणि ते काम घरी होतं. किंमत मात्र लाखाच्या वर जाते. रोजच्या धंद्यातून ती वसूल होईल असं ज्याचं गणित आहे, त्यानेच घ्यावा.

जर्मन सॅक्सचे हब सांभाळणारी स्रॅम २०१७ मध्ये हब-गिअरमधून बाहेर पडली. जुने स्रॅम स्वस्तात मिळतात, पण सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होणार, त्या भानगडीत पडू नका.

मोटरचं थोडक्यात. क्रँकजवळची मोटर असेल तर माणसाचा आणि मोटरचा, दोघांचा टॉर्क चेनमधून हबमध्ये जातो. तिथे नेक्सस-८ घालणं धोक्याचं, त्यासाठीच शिमानोने पाच गिअरचा इंटर-५ई काढला, पल्ला २६३ टक्के. नाहीतर एन्व्हिओलो. पुढच्या चाकात २५० वॅटची मोटर बसवली तर मागच्या हबला उलट आराम मिळतो आणि साधा नेक्सस-८ सुखाने चालतो. एकच अडचण, सगळं ओझं मागे असलं तर पावसात ओल्या जांभ्यावर पुढचं चाक जागीच फिरतं. तेव्हा निदान एक क्रेट पुढे ठेवायची सोय करा, आणि मोटरच्या ॲक्सलला टॉर्क आर्म (ॲक्सल फिरू न देणारी पट्टी) लावल्याशिवाय सायकल बाहेर काढू नका.

ब्रेकचा विचार हबबरोबरच करायला हवा, कारण हब विकत घेतानाच ब्रेकचा प्रकार ठरतो. १९० किलो वजन शंभर मीटर खाली उतरवताना ब्रेकमध्ये सुमारे १.८६ लाख जूल उष्णता तयार होते, अर्धा लिटर पाणी आरामात उकळेल एवढी. दापोलीहून हर्णैला उतरताना उंचीचा फरक त्याहून जास्त आहे. शिमानोचा रोलर ब्रेक सपाटीला फार चांगला, पावसाचा त्याच्यावर परिणाम नाही, पण लांब उतारावर तापतो आणि ढिला पडतो. त्यात त्याचंच खास ग्रीस भरावं लागतं, बेअरिंगचं साधं ग्रीस घातलं की ब्रेक गेला म्हणून समजा. ९० मि.मी.चा ड्रम जास्त तग धरतो. उतारांच्या भागात मागे ड्रम किंवा डिस्क आणि पुढेही तितकाच दमदार ब्रेक, एवढं हवंच. स्टीलच्या रिमवरचे रबरी ब्रेक पावसात जवळजवळ नसल्यासारखेच.

मासळी वाहणाऱ्यांनी एक गोष्ट काटेकोर पाळावी. क्रेटमधलं बर्फ वितळून जे खारं पाणी गळतं ते बहुतेक सायकलींवर थेट मागच्या हबवर पडतं. समुद्राच्या वाऱ्यापेक्षा हे पाणी कितीतरी घातक. क्रेटखाली पत्र्याचा ट्रे ठेवा, त्याला मागच्या कडेला भोक पाडून नळी काढा आणि ती चाकाच्या मागे, मडगार्डच्या टोकाच्याही पलीकडे सोडा. सायकल धुताना गाडी धुण्याचा प्रेशरचा पाइप हबवर मारायचा नाही. सील धुळीसाठी असतात, जोराचं पाणी ते थोपवत नाहीत. तांब्याने गोडं पाणी ओता आणि फडक्याने पुसा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या जंगलजेटीवर (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर) चढता-उतरताना भरतीचं पाणी रॅम्पवर आलेलं असेल, तर थोडं थांबा. ॲक्सलपर्यंत चाक खाऱ्या पाण्यात गेलंच, तर त्याच आठवड्यात चाक काढून नेक्ससचा आतला भाग बाहेर काढा, साफ करून वाळवा आणि कंपनीच्या तेलात बुडवून निथळवून परत बसवा. एरवी हे तेलाचं काम शिमानो दोन वर्षांनी किंवा ५००० किलोमीटरला करायला सांगते. किनाऱ्यावर ते दरवर्षी पावसाळा संपल्यावर करावं असं माझं ठाम मत आहे.

बिघाडाचं दुसरं नेहमीचं ठिकाण केबल. केबलच्या आवरणात पाणी शिरून आतली तार गंजते, तार अडखळत परतते, गिअर अर्धवट पडतो, आणि चढावर जोर देताच पॉल कडेवरून सटकून त्याची धार उडते. बाहेरून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि पेडल पाव फेरा रिकामं जातं. हा आवाज एकदा जरी आला तरी त्याच जागी थांबून जुळवणी पाहा. नेक्सस-८ ला शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा भाग) ४ वर ठेवायचा आणि हबजवळच्या कॅसेट जॉइंटवरच्या (केबल हबला जोडणाऱ्या भागावरच्या) दोन पिवळ्या रेषा एका ओळीत आहेत का ते बघायचं. नसतील तर शिफ्टरजवळचा बॅरल (केबल ताणायचा स्क्रू) थोडा थोडा फिरवा. एकदा १ वर नेऊन परत ४ वर आणा आणि पुन्हा पाहा. स्टर्मेच्या तीन गिअरच्या हबला २ वर ठेवून नटच्या भोकातून डोकवायचं, दांडीचं टोक ॲक्सलच्या टोकाशी समपातळीत हवं. त्याची बारीक साखळी पूर्ण आवळून मग जास्तीत जास्त अर्धा फेरा सैल सोडायची असते, आवळूनच ठेवली तर वळताना ती तुटते. तार स्टेनलेसचीच घ्या.

बसवताना इथल्या कारागिरांची गल्लत होते ती रिमच्या भोकांवर. जुन्या काळ्या सायकलच्या मागच्या रिमला बहुधा ४० भोकं असतात, पुढच्याला ३२. हे हब बहुधा ३६ भोकांचे. त्यामुळे जुनी रिम चालत नाही, ३६ भोकी दुहेरी भिंतीची रिम आणावी लागते. दुसरं, हबची फ्लँज (आरे अडकतात ती कड) मोठी असल्यामुळे २० इंची रिमवर नेहमीचं तीन काटी विणकाम (प्रत्येक आरा तीन आऱ्यांना ओलांडतो ते) केलं तर आरे निपलपाशी वाकडे शिरतात आणि तिथेच तुटतात. एक काटी विणा, फार तर दोन. रोहलॉफ तर २४ इंच आणि त्याखालच्या चाकांना एक काटीच सांगते. १३ गेजचे आरे हबच्या भोकातून जातात का ते चाक विणायला बसण्यापूर्वी पाहून घ्या. फ्रेमच्या मागच्या चिमट्यातलं आतलं अंतरही मोजा, नेक्सस-३ ला १२० मि.मी. लागतं, रोहलॉफला १३५, नेक्सस-८ ला १३२ किंवा १३५, आणि काळ्या सायकलचा चिमटा बहुधा याहून अरुंद असतो. जबरदस्तीने फाकवलेला चिमटा हबला तिरका धरतो. हे काम वेल्डिंगवाल्याकडून नीट करून घ्यावं.

ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे नॉन-टर्न वॉशर विसरायचे नाहीत. हबच्या आत टॉर्क वाढतो किंवा कमी होतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया ॲक्सलवर येते, आणि ॲक्सलला फिरण्यापासून रोखतात ते हेच. फ्रेमच्या खाचेच्या दिशेप्रमाणे त्यांचे रंग वेगळे असतात. उभ्या खाचेसाठी उजवीकडे निळा, डावीकडे हिरवा. नट १५ मि.मी.च्या पान्याने ३० ते ४५ न्यूटन-मीटर आवळा. चेन मधोमध बोटाने उचलली तर एक सेंटिमीटरभर हलली पाहिजे. फार ताणली तर हबचं बेअरिंग खाते, सैल ठेवली तर ओझ्याच्या झटक्याने उतरते.

पंक्चर काढणाऱ्याकडे जाताना मागचं चाक शक्यतो काढू देऊ नका. सायकल आडवी करून टायरची एक बाजू सोडवली की ट्यूब बाहेर येते आणि पॅच लागतो. चाक काढावंच लागलं तर शिफ्टर १ वर आणून कॅसेट जॉइंटच्या भोकात २ मि.मी.ची ॲलन की घालून तो फिरवा, केबल सैल पडते आणि सहज निघते. रोलर किंवा ड्रम ब्रेकचा आर्म फ्रेमला धरणारा बोल्ट परत लावायला विसरला, तर पहिल्याच ब्रेकला आर्म गरकन फिरतो आणि केबल उखडते. म्हणून त्या बोल्टवर लाल रंगाची खूण करून ठेवा.

हब मागवताना एकाच पार्सलमध्ये एवढं येऊ द्या: शिफ्टर, कॅसेट जॉइंट, तुमच्या फ्रेमला जुळणारे नॉन-टर्न वॉशर, १९ आणि २१ दात्यांचे दोन स्प्रॉकेट, स्प्रॉकेटची जास्तीची स्नॅप रिंग, दोन स्टेनलेस तारा आणि तेलाचा डबा. यातलं तेल आणि कॅसेट जॉइंट तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत, आणि ऐन आंब्याच्या मोसमात त्यासाठी मुंबई-पुण्याच्या पार्सलची वाट पाहत सायकल उभी ठेवणं परवडत नाही.